निमिषभराची फट

१९९१ च्या ऑगस्टमध्ये एका आठवड्याच्या आत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. २५ तारखेला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलं की, ३८६ जातीच्या पीसीसाठी आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत. तीच पुढे लिनक्स झाली. ३१ तारखेला सिंगापूरमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली आणि हौगांगच्या मतदारांनी वर्कर्स पार्टीच्या लो थिया खियांग यांना संसदेत पाठवलं. ती जागा आजतागायत त्याच पक्षाकडे आहे. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा केला. पुण्यात शिकलेल्या, हौगांगमध्ये राहणाऱ्या आणि पोटासाठी लिनक्सच्या कर्नलशी, म्हणजे तिच्या गाभ्याशी, झटणाऱ्या माणसाला हे साल जरा घरचं वाटलं, तर वाचकांनी समजून घ्यावं.

परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर बसवलेले होते. प्रत्येकाची मेमरी त्याच्यापाशी. शेजाऱ्याकडची माहिती हवी असेल तर निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. परस्पर हात घालायची सोयच नव्हती. टोरव्हाल्ड्स यांच्या पीसीत मेमरी सगळ्यांची एकच होती, पण प्रोसेसरही एकच होता, त्यामुळे खरोखर एकाच क्षणी दोघांनी तिला हात लावण्याचा प्रश्न येत नव्हता. (इंटरप्ट मध्येच येऊन टपकायचे, ते सोडून.) म्हणजे या लेखाचा विषय तेव्हा ना पुण्यात धड होता, ना हेलसिंकीत.

आज बेताच्या किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्येही आठ कोअर असतात. आठही एकाच मेमरीवर काम करतात आणि त्या मेमरीचा हिशेब ठेवणारा लिनक्सचा कर्नल त्याच आठांवर एकाच वेळी धावत असतो. दोन हात एकाच नोंदीवर पडले आणि कोण आधी पोचला यावर निकाल ठरू लागला, की त्याला रेस कंडिशन म्हणतात. कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनात अशा शर्यती कशा शिरल्या, कशा सापडल्या आणि त्यांचं काय केलं गेलं, त्याचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या शर्यती नेहमी अडाणीपणातून येतात असं नाही. कितीदा तरी एखाद्या जाणकाराला ती फट दिसलेली असते, पण इतक्या अरुंद जागेतून कोण जाणार म्हणून ती राहून जाते. पुढे यंत्रं वेगवान होतात आणि अरुंद फट रुंदावते.

टिश्यूचं पाकीट

कर्नल प्रत्येक प्रोग्रामला असा भास देतो की सगळी मेमरी त्याच्या एकट्याची आहे. प्रत्यक्षात मेमरी बहुधा चार-चार किलोबाइटच्या पानांत कापलेली असते. कोणत्या प्रोग्रामचा कोणता पत्ता कोणत्या खऱ्या पानाकडे जातो याचा तक्ता, म्हणजे पेज टेबल, कर्नल राखतो. ज्या पत्त्यामागे अजून पान नाही त्याला प्रोग्रामने हात लावला, की प्रोसेसर थबकून कर्नलला हाक मारतो. कर्नल पान शोधतो, तक्त्यात नोंद करतो आणि प्रोग्राम पुढे चालू लागतो. याला पेज फॉल्ट म्हणतात. नावात फॉल्ट असला तरी हा रोजचा, सेकंदाला हजारोंनी होणारा व्यवहार आहे.

गोम अशी की हा तक्ता एकाच वेळी अनेकांना हवा असतो. एक थ्रेड नवं पान मागतोय, दुसरा तोच पट्टा परत करतोय, मेमरी कमी पडली म्हणून के-स्वॅप-डी जुनी पानं बाहेर काढतोय, फोर्कमधून नुकतीच जन्मलेली प्रोसेस पालकाच्या पानांत वाटेकरी होतेय, आणि तिसराच कुणी त्या पानांमागची फाइल छाटतोय. प्रत्येकजण आधी पाहतो आणि मग करतो. पाहणं आणि करणं यांच्यामध्ये काही नॅनोसेकंद जातात. तेवढ्यात पान दुसऱ्या कुणाचं झालेलं असू शकतं.

सिंगापूरकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हौगांग अव्हेन्यू ९ वरच्या सी युआन हॉकर सेंटरमध्ये दुपारी साडेबाराला एखादं टेबल रिकामं दिसतं. तुम्ही स्टॉलवरून ताट घेऊन येईतो तिथे दुसरंच कुटुंब जेवायला बसलेलं असतं. म्हणून इथे टेबलावर आधी टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग रांगेत उभं राहतात. याला ‘चोप’ करणं म्हणतात. कर्नलमधलं लॉक म्हणजे हे पाकीट, आणि त्याची खरी ताकदही तेवढीच. पाकीट कुणाला बसण्यापासून रोखत नाही. सगळे मानतात म्हणून ते चालतं. कर्नलमध्येही लॉक मेमरीला कडी घालत नाही. लक्षावधी ओळींपैकी एका ओळीने लॉक न घेताच नोंदीला हात लावला, तर हार्डवेअर तिला अडवणार नाही. कोणती नोंद कोणत्या लॉकखाली येते हा करार कोडमधल्या कॉमेंटमध्ये असतो, आणि बऱ्याचदा तिथेही नसतो. जुन्या लोकांच्या डोक्यात असतो.

मॉरिस बाख यांचं युनिक्सच्या रचनेवरचं १९८६ सालचं पुस्तक आमच्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. त्यातला जवळजवळ सगळा विचार एका प्रोसेसरचा आहे. कर्नलमध्ये शिरलेली प्रोसेस आपणहून झोपी जाईपर्यंत तिला कुणी हलवत नाही, आणि नाजूक जागी इंटरप्ट तेवढे रोखायचे. अनेक प्रोसेसरांची गोष्ट थेट बाराव्या प्रकरणात, पुस्तक संपत आल्यावर येते. परीक्षेसाठी आम्ही ते प्रकरण सहसा सोडून देत असू. पुढे सगळी नोकरी त्या प्रकरणातच गेली.

मोठं लॉक फोडताना

लिनक्सच्या २.० या आवृत्तीने १९९६ मध्ये अनेक प्रोसेसरांना आत घेतलं, तेव्हा सर्वांत सोपा मार्ग निवडला होता: संपूर्ण कर्नलला मिळून एक लॉक, एका वेळी एकच प्रोसेसर आत. त्याला बिग कर्नल लॉक म्हणत. सुरक्षित होतं, पण चार प्रोसेसर घेऊन तिघांना बाहेर उभं करायचं असेल तर पैसे कशाला घालवायचे? मग त्या लॉकचे तुकडे पडत गेले. फायलींचं वेगळं, नेटवर्कचं वेगळं, मेमरीचं वेगळं. शेवटचा अवशेष अर्न्ड बर्गमन यांनी काढला तो मे २०११ च्या २.६.३९ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं लागली. आणि प्रत्येक तुकड्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला: आधी ज्या दोन गोष्टी एकाच लॉकखाली आपोआप सुरक्षित होत्या, त्या आता दोन लॉकांत विभागल्या गेल्या, तर मधल्या जागेची राखण कोण करतंय?

मेमरीच्या वाट्याला आलं ते एमएमॅप-सेम. प्रत्येक प्रोसेसच्या पत्त्यांच्या नकाशाला एक लॉक. वाचणारे कितीही, बदलणारा एकच. पेज फॉल्ट हाताळणारे वाचक म्हणून आत येतात. नवा पट्टा जोडणारा किंवा काढणारा मात्र सगळ्यांना थांबवतो. वीसेक वर्षं या एका लॉकवर मेमरी व्यवस्थापनाचा संसार चालला आणि तेवढीच वर्षं लोक त्याच्या नावाने बोटं मोडत राहिले. शेकडो थ्रेड चालवणारा डेटाबेस असो की उघडताना डझनभर थ्रेड काढणारं फोनवरचं ॲप असो, सगळे याच लॉकपाशी खोळंबायचे. २०२० मध्ये मिशेल लेस्पिनास यांनी त्याच्याभोवती नीट आवरण घालून एमएमॅप-लॉक असं नवं नाव दिलं. ती पुढच्या तोडफोडीची तयारी होती.

दरम्यान एक अगदी निराळी कल्पना कर्नलमध्ये रुजली होती, आणि तिला भारतातून खतपाणी मिळालं होतं. वाचणाऱ्याने लॉक घ्यायचंच नाही. बदलणाऱ्याने मूळ नोंदीची प्रत काढायची, प्रतीत बदल करायचा, बाण जुन्या नोंदीवरून नव्या नोंदीकडे वळवायचा, आणि जुनी नोंद तेव्हाच फेकायची जेव्हा तिच्याकडे आधीपासून बघत असलेले सगळे वाचक बाजूला झाल्याची खात्री होईल. ही रीत म्हणजे आरसीयू. पॉल मॅकेनी यांनी ती सिक्वेंट कंपनीत असताना विकसित केली होती. १९९९ मध्ये सिक्वेंट आयबीएमकडे गेली, आणि लिनक्ससाठी ती उभी करण्याचं मोठं काम आयबीएमच्या बंगळुरूच्या केंद्रातल्या दीपंकर सर्मा यांनी केलं. ऑक्टोबर २००२ च्या २.५.४३ मध्ये ती लिनक्समध्ये आली. भारतातून झालेल्या कर्नलच्या कामाबद्दल दिवाळी अंकांत कधी कुणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. कुणी लिहिणार असेल तर इथून सुरुवात करावी. आरसीयू दिसायला जादूसारखी आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. वाचणाऱ्याने ‘मी बघतोय’ असं सांगितलं नसेल, तर त्याच्या हाताखालची नोंद केव्हाही नाहीशी होईल. ही अट पुढे २०२३ मध्ये महागात पडली.

अकरा वर्षांची गाय

या सगळ्या क्षेत्रातला एकच प्रसंग निवडायचा असेल तर मी डर्टी काऊ निवडेन. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी ती जगजाहीर झाली. फिल ओस्टर यांना सवय अशी की, आपल्या वेबसर्व्हरकडे येणारी सगळी वाहतूक नोंदवून ठेवायची. सर्व्हरमध्ये कुणीतरी घुसलं तेव्हा त्या नोंदींतून त्यांनी हल्लेखोराने चढवलेली फाइल वेगळी काढली आणि चालवून पाहिली. साधा वापरकर्ता काही सेकंदांत रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, झाला. म्हणजे हा दोष जगाला कळला तोच मुळी चोराच्या पिशवीतून.

कॉपी-ऑन-राइट या युक्तीच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ही गाय आली. युक्ती जुनी आणि फार उपयोगी. दोघांना एकच मजकूर हवा असेल तर कर्नल लगेच दोन प्रती काढत नाही. दोघांनाही तेच पान दाखवतो, मात्र फक्त वाचण्यापुरतं. ज्या क्षणी एकजण लिहायला जाईल त्या क्षणी त्याच्यासाठी प्रत काढायची. फोर्क झटपट होतो तो यामुळेच.

हल्ला असा. ज्यावर फक्त वाचण्याची परवानगी आहे अशी फाइल, समजा सिस्टिमवरच्या खात्यांची यादी, प्रोग्राम ‘खाजगी’ म्हणून मेमरीत मॅप करतो. खाजगी म्हणजे काही लिहिलंच तर माझ्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. मग एक थ्रेड प्रॉक फाइलसिस्टिममधल्या ‘मेम’ या फाइलच्या आडवाटेने स्वतःच्याच मेमरीवर लिहू लागतो. ही वाट डीबगरसारख्यांसाठी आहे. ब्रेकपॉइंट घालायचा तर लिहिण्याची मनाई असलेल्या पानावरही लिहावं लागतं. म्हणून इथे कर्नल परवानगीचा आग्रह सोडतो, पण लिहितो ते प्रत काढूनच. कर्नल लिहिण्यासाठी पान मागतो. मिळत नाही, कारण ते वाचण्यापुरतं आहे. फॉल्ट होतो, प्रत निघते. आता प्रत आपलीच, तेव्हा लिहिण्याची अट धरून बसायचं कारण नाही, असं समजून कर्नल आपल्या मागणीतली ‘लिहायचंय’ ही खूण पुसतो आणि पान पुन्हा शोधायला निघतो. नेमक्या याच वेळी दुसरा थ्रेड एमॲडव्हाइज हा सिस्टिम कॉल करून सांगतो की ही प्रत मला नको, टाकून द्या. प्रत टाकली जाते. पहिला थ्रेड शोधायला येतो तेव्हा प्रत नाही, आणि त्याच्या मागणीत लिहिण्याचा उल्लेखही नाही. मग त्याला वाचायचं पान मिळतं, म्हणजे पेज कॅशमधलं मूळ फाइलचं पान. तो त्यावर लिहितो.

यातलं कुठलंही पाऊल एकेकटं तपासलं तर चूक दिसत नाही. कोड रिव्ह्यूमध्ये हे निसटतं ते त्यामुळेच. चूक आहे ती एका गृहीतकात: मी मघाशी काढलेली प्रत मी परत येईपर्यंत तिथेच असेल.

हल्लेखोराला नशिबाची गरज नसते. दोन थ्रेड दोन लूपमध्ये सोडायचे. लाख वेळा चुकलं तरी तक्रार नोंदवणारं कुणी नाही, काही बिघडतही नाही. एकदा जमलं की काम झालं. बचाव करणाऱ्याचं गणित याच्या उलट असतं, आणि शर्यतींची शक्यता मोजताना आपण कायम आपल्याच बाजूचं गणित मांडतो.

खरी गोष्ट पुढे आहे. दुरुस्तीबरोबर टोरव्हाल्ड्स यांनी जी टीप लिहिली तीत त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे की हा दोष पुरातन आहे आणि तो आपणच अकरा वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता. ती दुरुस्ती आयबीएमच्या एस-३९० या मेनफ्रेमवर अडचण आणत होती, म्हणून मागे घेतली गेली. इतर प्रोसेसर ‘या पानावर लिहिलं गेलंय’ याची खूण पेज टेबलात ठेवत. एस-३९० ती भलतीकडे ठेवत असे. त्या काळी ही शर्यत कागदावरचीच वाटत होती. मग २००७ मध्ये २.६.२२ आलं, पुढे धोका मोजला गेला तो त्या आवृत्तीपासूनचा. मेमरीचा कोड अनेक कोअरवर अधिकाधिक सुरळीत धावू लागला आणि कागदावरची शर्यत प्रत्यक्षात जिंकता येऊ लागली. मला सर्वांत बोचणारा तपशील निराळा आहे. एस-३९० ची ती अडचण २०१३ च्या ३.९ मध्ये व्यवस्थित सुटली होती. म्हणजे जुनी दुरुस्ती पुन्हा घालायला तीन वर्षं आडकाठी नव्हती. पण ‘अमुक झालं की तमुक परत करा’ अशी आठवण ठेवणारं कुणी नव्हतं. एखादी फट किती दुर्मिळ आहे हे त्या दिवशीच्या यंत्रावरून ठरलेलं असतं, आणि यंत्र बदललं तरी तो अंदाज कुणी पुन्हा तपासत नाही.

२०१६ च्या दुरुस्तीत ‘लिहायचंय’ ही खूण पुसणं बंद झालं. त्याऐवजी ‘प्रत काढली आहे’ अशी नवी खूण आली, फॉल-काऊ, आणि प्रत अजून जागेवर आहे ना हे पानाच्या डर्टी बिटवरून, म्हणजे त्या ‘लिहिलं गेलंय’ खुणेवरून, पडताळलं जाऊ लागलं. वर्षभरानंतर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, दिसलं की मोठ्या पानांच्या वाटेवर तोच डर्टी बिट नुसतं वाचल्यानेही लागू शकतो. ती ह्यूज डर्टी काऊ. त्याआधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, ट्रेंड मायक्रोने झेनयू नावाच्या अँड्रॉइड मालवेअरची माहिती दिली. ते डर्टी काऊ वापरून फोनचा ताबा घेत होतं. चाळीसहून जास्त देशांत ते सापडलं आणि बाधित झालेल्यांत सर्वाधिक लोक चीन आणि भारतातले होते. कर्नलचा पॅच येऊन वर्ष होत आलं होतं. तो त्या फोनांपर्यंत पोचलाच नव्हता, आणि या एका बाबतीत दोष कर्नलवाल्यांना देता येत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डेनब्रँड यांना गाय पुन्हा दिसली, यावेळी मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएसच्या फायलींवर. ५.१६ मध्ये भलत्याच कारणासाठी केलेल्या एका बदलाने डर्टी बिटवर ठेवलेला भरवसा पोकळ केला होता. त्यांनी फॉल-काऊ ही खूणच काढून टाकली आणि ‘हे पान माझं एकट्याचं आहे का’ असा थेट प्रश्न विचारायला लावला. तो प्रश्न विचारता येत होता कारण त्याच साली ५.१९ मध्ये त्यांनी पानांवर तशी वेगळी खूण ठेवण्याची सोय आणली होती. तिच्यामागे २०२० पासूनचा मोठा वाद आहे. गूगल प्रोजेक्ट झीरोच्या जॅन हॉर्न यांनी दाखवलेला एक दोष, त्यावर टोरव्हाल्ड्स यांनी ५.८ आणि ५.९ मध्ये केलेले दोन कडक बदल, त्यांतून काही प्रोग्रामांचं झालेलं नुकसान, असं बरंच रामायण आहे. इथे इतकंच पुरे. त्याच वर्षअखेर ॲपलच्या कर्नलमध्येही, इयान बीअर यांनी कळवलेली, अशीच शर्यत दुरुस्त झाली. तिला मॅकडर्टीकाऊ असं नाव पडलं आणि हौशी पोरांनी ती वापरून आयफोनचे फॉन्ट बदलले.

विसरलेली नोंद

पेज टेबल हा एकच तक्ता असता तर बरं झालं असतं. प्रत्येक कोअर आपल्यापाशी त्यातल्या अलीकडच्या नोंदींची झटपट यादी ठेवतो, ती टीएलबी. कर्नलने मूळ तक्त्यात फेरफार केला तरी इतर कोअरांच्या याद्या पुष्कळशा यंत्रांवर आपोआप बदलत नाहीत. प्रत्येकाला हाक मारून सांगावं लागतं, आणि ही हाक महाग असते. म्हणून ती पुढे ढकलण्याचा, चार हाका एकत्र करण्याचा मोह होतो. मेमरीचा पट्टा एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवणाऱ्या एमरिमॅपमध्ये ३.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ही हाक पेज टेबलचं लॉक सोडल्यावर मारली जात होती. तेवढ्या वेळात दुसऱ्या थ्रेडने फाइल छाटली, तर पान मोकळं होऊन तिसऱ्याला दिलं जाई आणि पहिल्याच्या टीएलबीत जुना पत्ता शिल्लक राही. जॅन हॉर्न यांनी हे ऑक्टोबर २०१८ मध्ये दाखवलं. दुरुस्ती साधी: आधी हाक, मग लॉक सोडा.

२०२३ चा उन्हाळा

२५ जून २०२३ रोजी लिनक्स ६.४ आलं आणि त्याबरोबर गूगलच्या अँड्रॉइड चमूतल्या सुरेन बाघदासारियन यांचं काम आलं. सगळ्या नकाशाला एक लॉक असण्याऐवजी पत्त्यांच्या प्रत्येक सलग पट्ट्याला, व्हीएमएला, आपलं लॉक. पेज फॉल्टने फक्त आपल्या पट्ट्याचं लॉक घ्यायचं. याआधी पीटर झिलस्ट्रा आणि नंतर लॉरां दुफूर यांनी लॉक न घेताच फॉल्ट उरकण्याचे बेत मांडले होते. ते गुंतागुंतीमुळे मागे पडले. सुरेन यांची रीत त्यामानाने समजायला सोपी होती, आणि कर्नलमध्ये सोपेपणाला फार किंमत असते.

काही दिवसांतच तक्रारी आल्या. गो भाषेतले मोठे प्रोग्राम बांधताना मेमरी बिघडतेय, कारण कळत नाही. कारण निघालं ते फोर्कमध्ये. फोर्क करताना कर्नल पालकाच्या पानांवर ‘फक्त वाचा’ असा शिक्का मारत जातो आणि त्यासाठी त्याने नकाशाचं मोठं लॉक घेतलेलं असतं. पूर्वी तेवढं पुरे होतं, कारण पेज फॉल्टही त्याच लॉकपाशी थांबत. आता फॉल्टला ते लॉक लागतच नव्हतं. शिक्का मारणारा आणि पान वापरणारा शेजारून निघून गेले आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. सुधारणा तात्पुरती बंद करावी लागली, मग फोर्कने पालकाच्या सर्व पट्ट्यांची लॉकं घ्यायची असं ठरून ती पुन्हा सुरू झाली. मोठं लॉक फोडलं की मधल्या जागेची राखण कोण करतंय, हा १९९६ चा प्रश्न जसाच्या तसा.

त्याच पंधरवड्यात पडद्यामागे दुसरी धावपळ चालू होती. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून पट्ट्यांची यादी लाल-काळ्या झाडाऐवजी मेपल ट्रीमध्ये ठेवली जात होती. लियम हाउलेट आणि मॅथ्यू विल्कॉक्स यांचं हे काम, आरसीयूला सोयीचं म्हणूनच केलेलं. आता गंमत बघा. स्टॅक हा असा पट्टा आहे की गरज पडली की तो आपोआप खाली वाढतो. ही वाढ वाचकाच्या लॉकखाली होत होती. जुन्या झाडात ते खपून जायचं, कारण फक्त पट्ट्याची सुरुवात बदलायची. मेपल ट्रीला मात्र त्यासाठी आख्खी गाठ बदलून नवी लावावी लागे आणि जुनी आरसीयूच्या नियमाने फेकावी लागे. त्याच क्षणी नकाशा वाचणारा दुसरा थ्रेड मोठं लॉक धरून निर्धास्त होता. आरसीयूला ‘मी बघतोय’ असं त्याने सांगितलेलंच नव्हतं. पेकिंग विद्यापीठाच्या रुइहान ली यांनी १५ जूनला हे कळवलं, आणि त्याला स्टॅकरॉट असं नाव मिळालं. टोरव्हाल्ड्स यांनी स्वतः हात घातला. अनेक प्रोसेसर घराण्यांचे फॉल्ट हाताळणारे कोड तपासून, स्टॅक वाढवायचा असेल तर बदलणाऱ्याचंच लॉक घ्यायचं, असा नियम झाला. जुनी सवलत गेली. ५ जुलैला सगळं जाहीर झालं.

या दोन्ही प्रकरणांत नवा कोड लिहिणारे कच्चे नव्हते. जुन्या कोडमध्ये एक न लिहिलेली मुभा होती आणि नव्याने ती मोडली. लॉकचा करार कागदावर नसला की असंच होतं.

वेळ ताणणारे

फट काही नॅनोसेकंदांची असली तरी हल्लेखोराला ती ताणता येते, हे गेल्या दहा वर्षांत पक्कं झालं. २०१५ मध्ये ४.३ बरोबर यूझरफॉल्ट-एफडी आलं. चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना पेज फॉल्ट प्रोग्रामने स्वतः हाताळावेत, म्हणून ही सोय. पण कर्नल जेव्हा प्रोग्रामच्या मेमरीतून काही उचलायला जातो आणि तिथे फॉल्ट होतो, तेव्हा कर्नलच थांबतो, आणि किती वेळ थांबायचं हे प्रोग्राम ठरवतो. शर्यतीतला प्रतिस्पर्धी मधोमध गोठवण्याची ही परवानगीच झाली. २०१९ मध्ये ५.२ ने त्याला आवर घालण्याची कळ दिली आणि २०२१ मध्ये ५.११ पासून साध्या वापरकर्त्याला कर्नलमधले फॉल्ट असे अडवता येणं मूळ मांडणीत बंद झालं. फ्यूज फाइलसिस्टिमची वाट, जिथे फाइलचा मजकूर प्रोग्रामच पुरवतो, ती मात्र उरलीच. २०२२ मध्ये जॅन हॉर्न यांनी टायमरचा इंटरप्ट नेमका फटीत पाडून ती लांबवण्याची रीत सविस्तर मांडली. ‘इतक्या अरुंद फटीतून कोण जाणार’ या वाक्याला आता अर्थ राहिलेला नाही.

बचावाची हत्यारंही सुधारली आहेत. इंगो मोलनार यांचं लॉकडेप २००६ पासून आहे. लॉकं उलटसुलट क्रमाने घेतली गेली तर प्रत्यक्ष अडकण्याआधीच ते ओरडतं, आणि माझ्या मते दर रुपयामागे सर्वांत जास्त फायदा अजूनही त्याचाच. केसॅन मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लावणाऱ्याला पकडतो. सिझकॉलर सिस्टिम कॉलांचा अखंड भडिमार करतो. २०२० मध्ये ५.८ बरोबर आलेला केसीसॅन खास डेटा रेस शोधण्यासाठी आहे. त्याने सुरुवातीला इतक्या तक्रारी नोंदवल्या की त्यांतल्या निरुपद्रवी कोणत्या हे ठरवताना मेंटेनर वैतागले. आणि २०१८ पासून कर्नलच्या स्रोतातच एक औपचारिक मेमरी मॉडेल आहे. कोणता प्रोसेसर कोणत्या क्रमाने वाचन-लेखन दाखवू शकतो, हे त्यावर पडताळून बघता येतं. एआरएमच्या फोनांवर हे फार महत्त्वाचं, कारण इंटेलवर वर्षानुवर्षं चाललेला कोड तिथे कधीकधी उताणा पडतो.

सिंगापूर या नकाशावर लहान नाही. इथल्या स्टार लॅब्स या कंपनीच्या चमूने मे २०२५ मध्ये बर्लिनच्या प्वन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत, लिनक्स कर्नलमधल्या मोकळ्या केलेल्या मेमरीच्या पुनर्वापराच्या दोषातून डॉकर डेस्कटॉप फोडून दाखवलं आणि स्पर्धेचं अग्रस्थानही पटकावलं. हौगांगच्या मराठी घरांतली मुलं एनयूएस या इथल्या विद्यापीठात ऑपरेटिंग सिस्टिम शिकतात आणि अडलं की आयआयटी मुंबईच्या मैथिली वुटुकुरू यांची व्याख्यानं लावून बसतात. त्यांत उदाहरणाला असतो एमआयटीचा एक्सव्ही-६. त्या चिमुकल्या कर्नलमध्ये मोकळ्या पानांची एकच यादी आणि तिला एकच लॉक. एमआयटीच्या अभ्यासक्रमात एक गृहपाठ आहे: ही यादी फोडून प्रत्येक कोअरला आपापली द्या. पोरं तासाभरात फोडतात. मग एका कोअरची यादी रिकामी होते, शेजाऱ्याकडून पान उचलावं लागतं, हातात आपलं लॉक आणि हवं असतं त्याचं. तिकडे तोही आपलं लॉक धरून आपल्याकडे पान मागायला निघालेला. तिथे रात्र जाते.

मोठ्या कर्नलमध्ये ती रात्र अजून चालूच आहे. मे २०२५ च्या ६.१५ मध्ये सुरेन यांनी व्हीएमएच्या लॉकची रचना बदलली आणि व्हीएमएची जागा मोकळी होताच लगेच दुसऱ्यासाठी वापरता येईल असं केलं. वाचणाऱ्याने व्हीएमए उचलल्यावर तो अजून आपल्याच नकाशातला आहे ना हे तपासायचं, नसेल तर सोडून द्यायचा. जुलैत जॅन हॉर्न यांनी दाखवलं की सोडण्यातच फट आहे. सोडताना, वाट बघत असलेल्या बदलणाऱ्याला उठवण्यासाठी व्हीएमएच्या मालक नकाशाकडे पाहावं लागतं, आणि तो नकाशा दुसऱ्याच प्रोसेसचा असून तोवर मोकळा झालेला असू शकतो. सुरेन यांनीच दुरुस्ती पाठवली: अशा वेळी आधी त्या परक्या नकाशाला धरून ठेवायचं, मग व्हीएमए सोडायचा, आणि शेवटी नकाशा.